मधुमेह : शिकणारे आणि शिकवणारे

सकाळी उपाशीपोटी रक्त तपासले आणि साखर १३० मिलिग्रॅम भरली. या माणसाला मधुमेह आहे की नाही? प्रश्न साधा वाटतो. पण तो १९९६ साली एखाद्या डॉक्टरांना विचारला असता, तर त्यांनी ‘नाही’ असे सांगितले असते, आणि त्या वेळी ते बरोबरच ठरले असते. तेव्हा मर्यादा १४० ची होती. १९९७ साली अमेरिकेतील मधुमेह संघटनेने ती १२६ वर आणली व १९९९ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही तीच मानली. डोळ्याच्या पडद्याला कितव्या आकड्यापासून इजा होऊ लागते हे पाहिले, तेव्हा जुनी मर्यादा फार वरची आहे असे आढळून आले होते. माणूस तोच, रक्त तेच, साखरही तेवढीच. पण पुन्हा एकदा तपासून खात्री केली की तो आता मधुमेही ठरू लागला. आणि ज्या डॉक्टरांच्या कानावर हा बदल गेला नाही, त्यांच्या दवाखान्यातून तो ‘काही नाही हो, जरा गोड कमी खा’ एवढा सल्ला घेऊन घरी परतला.

डॉक्टर परीक्षा पास झाले, दारावर पाटी लागली, की त्यांचे शिकणे संपले, अशी आपली एक समजूत असते. वकिलाला नवे कायदे वाचावे लागतात हे आपल्याला पटते. डॉक्टरांच्या बाबतीत मात्र ‘जुने आहेत, अनुभवी आहेत’ एवढ्यावर आपले समाधान होते. अनुभव मोठाच, यात शंका नाही. पण मधुमेह हा रोग असा आहे, की त्यात अनुभव पुष्कळदा फसवतो. चुकीच्या उपचाराचे फळ दहा-पंधरा वर्षांनी मूत्रपिंडावर किंवा डोळ्यांवर दिसते, आणि तोवर रोगी दुसऱ्याच डॉक्टरांकडे गेलेला असतो. आपले चुकले हे पहिल्या डॉक्टरांना कळणार कसे?

म्हणूनच मोठमोठ्या पाहण्या करून हे ज्ञान मिळवावे लागले, आणि ते सरळ रेषेत आलेले नाही. १९९३ साली अमेरिका व कॅनडातील १४४१ रोग्यांवरच्या प्रयोगाने दाखवून दिले, की इन्शुलिनवर जगणाऱ्या तरुण मधुमेह्यांची साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंड व मज्जातंतू यांचे नुकसान पुष्कळच कमी होते. १९९८ साली ब्रिटनमधील पाहणीने प्रौढांच्या मधुमेहाबद्दल तेच सांगितले. झाले! साखर जितकी खाली तितके चांगले, असा समज पसरला. पण २००८ साली उत्तर अमेरिकेतील दहा हजारांहून अधिक रोग्यांवरचा एक प्रयोग अर्ध्यातच आवरावा लागला. हे लोक प्रौढ, बरेच वर्षांचे मधुमेही, आणि हृदयविकार असलेले किंवा त्याचा मोठा धोका असलेले. त्यांच्यातील ज्या गटाची साखर औषधांच्या जोरावर अगदी निरोगी माणसाइतकी खाली आणण्याचा आग्रह धरला होता, त्याच गटात मृत्यू जास्त झाले. आता तिशीच्या तरुणाला एक माप आणि हृदय कमजोर झालेल्या पंचाहत्तरीच्या आजोबांना दुसरे, असा विचार करतात. जे डॉक्टर १९९८ पर्यंत शिकले आणि तेथेच थांबले, ते या आजोबांना आजही जास्त गोळ्या देत असतील.

यातला एक धडा तर आपल्या पुण्याचाच आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो दोघांचाही २२.३. म्हणजे विलायती पुस्तकाप्रमाणे दोघेही सडपातळ. पण अंगातील चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्याकडचा किरकोळ दिसणारा माणूस आतून किरकोळ नसतो. त्यामुळे ‘तुम्ही कुठे जाड आहात, तुम्हांला कसला मधुमेह’ हे वाक्य आपल्या डॉक्टरांनी तरी उच्चारू नये.

पण डॉक्टर शिकले म्हणजे भागले काय? १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्याने इन्शुलिन टोचले, आणि मरणाच्या दारातला तो मुलगा पुढे १३ वर्षे जगला. तोवर अशा मुलांचे आयुष्य महिन्यांत मोजावे लागे. इन्शुलिनने हा रोग बरा केला नाही. तो जन्मभराचा केला. आता वर्षाचे ३६५ दिवस किती खायचे, किती टोचायचे, घाम फुटून हातपाय थरथरू लागले तर काय करायचे, हे सगळे रोग्याने घरी पाहायचे. डॉक्टरांची गाठ महिन्या-दोन महिन्यांनी, तीही दहा मिनिटे. बॉस्टनचे डॉ. जोस्लिन यांनी हे इन्शुलिनच्याही आधी ओळखले होते. १९१८ साली त्यांनी मधुमेहावर एक हस्तपुस्तिका काढली, ती डॉक्टर आणि रोगी या दोघांनी मिळून वापरावी म्हणून, आणि तसे पुस्तकाच्या नावातच लिहिले. शिकवायला त्यांनी परिचारिकांनाही तयार केले.

आपल्याकडे हे शिकवणे किती बारीक गोष्टीवर अडते पाहा. इन्शुलिनच्या पुष्कळ बाटल्यांत दर मिलिलिटरला ४० युनिटे असतात. पेनमध्ये घालावयाच्या नळीत आणि काही बाटल्यांतही १००. सिरिंजही दोन तऱ्हेच्या : ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. आता २० युनिटे घेणाऱ्या बाईंना औषधाच्या दुकानात लाल संपली म्हणून नारिंगी सिरिंज मिळाली. त्या आपल्या ४० च्या बाटलीतून २० च्या खुणेपर्यंत औषध भरतात. प्रत्यक्षात पोटात जातात फक्त ८ युनिटे. उलट १०० च्या बाटलीला लाल सिरिंज लावली तर त्याच २० च्या खुणेवर ५० युनिटे, म्हणजे बेशुद्ध पडण्याची तयारीच! हे शिकवायला मोठी पदवी लागत नाही. पण परिचारिकेला, औषध देणाऱ्या दुकानदाराला, गावातल्या आशाताईला ते पक्के ठाऊक हवे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात मधुमेही १० कोटींवर आहेत. एवढ्यांना तज्ज्ञ डॉक्टर कोठून पुरणार?

डॉक्टरांसाठी नियम आहे. २००२ सालच्या वैद्यकीय आचारसंहितेत पाच वर्षांत निदान ३० तास चालू शिक्षणाला द्यावेत असे सांगितले आहे, म्हणजे वर्षाला सहा तास. महाराष्ट्रात नोंदणीच्या नूतनीकरणाशी त्याची सांगडही घातलेली आहे. नियम चांगला, पण तास भरणे आणि शिकणे या दोन गोष्टी आहेत. थंडगार सभागृह, पडद्यावर भराभर सरकणारे तक्ते, दाराशी औषध कंपनीचे टेबल आणि मग जेवण, अशा सभेतून डॉक्टर नव्या गोळीचे नाव घेऊन येतात. नव्या गोळ्या काही वाईट नव्हेत. हृदय व मूत्रपिंड सांभाळणाऱ्या काही खरोखरच मोलाच्या आहेत. पण त्या सहा तासांतला एखादा तास तरी सिरिंज हातात घेऊन, रोगी समोर बसवून व्हावा असे मला वाटते. आणि त्या तासाला डॉक्टरांच्या शेजारी त्यांची परिचारिकाही बसलेली असावी.

त्या तासाला पहिली गोष्ट करावी ती ही : रोग्याला सांगू नये, त्यालाच करून दाखवायला सांगावे. ‘समजले ना?’ असे विचारले की आपल्याकडे सगळे मान डोलावतात. ‘साखर एकदम उतरली तर काय कराल?’ असे विचारावे. ‘भाकरी खाईन’ असे उत्तर आले, तर भाकरीची साखर व्हायला वेळ लागतो, आधी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, जेवण त्यानंतर, हे सांगता येते. मात्र माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये. त्याला तडक दवाखान्यात न्यावे.

दुसरी गोष्ट, पोट पाहावे. रोज एकाच जागी टोचले की तेथे गाठ धरते. तेथे दुखत कमी, म्हणून रोगी तीच जागा पसंत करतो. पण त्या गाठीतून इन्शुलिन नीट शोषले जात नाही. साखर वाढलेली दिसते, डॉक्टर मात्रा वाढवतात, ती पुन्हा त्याच गाठीत जाते. असे कितीतरी महिने चालते. मग कधीतरी कोणी सदरा वर करायला सांगतो, बोटांनी चाचपतो, आणि जागा बदलायला सांगतो. मात्र त्याच दिवशी मात्राही जपून कमी करावी लागते, नाही तर ताज्या कातडीतून सगळे औषध लागू पडून साखर धाडकन खाली येते.