अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतरची फुफ्फुसे आणि सी. टी. स्कॅन

क्ष-किरण विभागाचा वार्षिक खर्च मांडला गेला, तेव्हा एका सन्माननीय विश्वस्तांनी पृच्छा केली : अस्थिमज्जा प्रत्यारोपण आपल्याकडे होत नाही, मग त्या रुग्णांच्या छातीचे सी. टी. स्कॅन आपण सवलतीत का करतो? प्रश्न रास्त आहे. देणगीदारांच्या पैशाचा विनियोग त्यांस समजावा, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. आज ही सोय अनेक ठिकाणी आहे. निफाड, सिन्नर, कळवणची कुटुंबे त्यासाठी मुंबई, खारघर वा पुण्याचा रस्ता धरतात. उपचार तेथे होतो. परंतु रुग्ण कधीतरी घरी परततोच, आणि ताप मध्यरात्री आला तर पंचवटी एक्स्प्रेसची वाट पाहता येत नाही.

प्रत्यारोपणापूर्वी तीव्र औषधांनी रुग्णाची मूळ मज्जा नष्ट करतात. नवी मज्जा रुजून पांढऱ्या पेशी तयार होण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात, आणि प्रतिकारशक्ती पूर्ववत होण्यास कित्येक महिने. या काळात सर्वाधिक धोका फुफ्फुसांना, कारण बाहेरची हवा प्रत्येक श्वासागणिक तेथेच पोहोचते. म्हणून आमचे डॉक्टर प्रथम विचारतात, “आज कितवा दिवस?” प्रत्यारोपणाचा दिवस शून्य धरून ही मोजदाद चालते. पहिल्या महिन्यात जिवाणू, बुरशी, फुफ्फुसात पाणी साचणे वा रक्तस्राव. त्यानंतर शंभराव्या दिवसापर्यंत मुख्यतः विषाणू. आणि पुढे दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच श्वासनलिकांवर केलेला हल्ला, असा हा क्रम ढोबळमानाने असतो.

बुरशीविषयी थोडे अधिक. कांद्याच्या चाळीत कांद्यावर धरणारी काळी बुरशी आपल्या जिल्ह्यात कोणास ठाऊक नाही? ती अ‍ॅस्परजिलस कुळातील. निरोगी माणसास तिच्या बीजकणांनी सहसा अपाय होत नाही. मात्र याच कुळातील काही जाती पांढऱ्या पेशी नसलेल्या रुग्णाच्या फुफ्फुसात रुजून रक्तवाहिन्यांत शिरतात. साध्या क्ष-किरण चित्रात आरंभी काहीच न दिसण्याचा संभव असतो, कारण तेथे छातीतील सर्व थरांची छाया एकावर एक पडते. सी. टी. स्कॅन फुफ्फुसाचे पातळ काप दाखवतो, अगदी मिलिमीटरभर जाडीचे. त्यात लहानशी गाठ व तिच्याभोवती धूसर प्रभावळ दिसली, की डॉक्टर अहवालांची वाट न पाहता बुरशीविरोधी औषध सुरू करू शकतात. या आजारात एकेक दिवस मोलाचा असतो.

नातेवाइकांनी एक गोष्ट अवश्य ध्यानी ठेवावी. औषध लागू पडत असतानाही पहिल्या सात-दहा दिवसांत ही गाठ स्कॅनमध्ये मोठी झालेली दिसू शकते. पांढऱ्या पेशी परतल्यावर तिच्यात चंद्रकोरीसारखी पोकळी पडते. ते बहुधा सुधारणेचेच चिन्ह असते. अहवालातील ‘आकार वाढला’ हे शब्द वाचून औषध बदलण्याचा आग्रह धरू नये.

अर्थात स्कॅन जंतूचे नाव सांगत नाही. धूसर ठिपके विषाणूचेही असतात व रक्तस्रावाचेही. आपल्या देशात क्षयरोगाची शंका तर नेहमीच जवळ बाळगावी लागते. तेव्हा दुर्बिणीने फुफ्फुस धुऊन त्या पाण्याची तपासणी करतात. ते पाणी नेमके कोणत्या भागातून घ्यावे, हे मात्र स्कॅनवरून ठरते.

शंभर दिवसांनंतर ताप नसतो. जिना चढताना दम लागतो, कोरडा खोकला राहतो. घरचे त्यास अशक्तपणा समजतात. बारीक श्वासनलिका व्रणाने आकसत असतील, तर श्वास भरून घेतलेला स्कॅन निर्दोष दिसू शकतो. म्हणून श्वास सोडूनही काप घेतात. अडकलेली हवा तेव्हा काळ्या पट्ट्यांनी उघड होते. आमचे तंत्रज्ञ रुग्णाकडून याचा सराव आधी करून घेतात. त्यात दहा मिनिटे अधिक जातात व यंत्रावर दिवसाकाठी होणाऱ्या तपासण्या घटतात. हिशेबाच्या दृष्टीने हे तोट्याचे आहे, पण आम्ही ते चालू ठेवणार आहोत.

मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार धर्मादाय रुग्णालये एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवतात. पात्र रुग्णांचे स्कॅन त्यातून होतात. परंतु उत्पन्नाच्या मर्यादेच्या किंचित वर असलेला द्राक्ष-कांदा उत्पादक, ज्याची शिल्लक प्रत्यारोपणातच संपलेली असते, त्या निधीत बसत नाही. त्याच्या देयकातील सवलत आपल्या देणग्यांतून दिली जाते. विश्वस्तांच्या प्रश्नाचे उत्तर हेच.

प्रत्यारोपण झालेल्या रुग्णास ताप, खोकला वा धाप जाणवल्यास सोमवारची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात आणावे. सोबत प्रत्यारोपण केंद्राची फाईल, चालू औषधांची यादी आणि आधीच्या स्कॅनची सीडी असावी; जुन्या चित्रांशी ताडून पाहिल्याखेरीज नव्या चित्राचा अर्थ पुरता लागत नाही.