हिशोब विचारणारा हवा

श्रोतेहो, सटाण्याला देवमामलेदारांच्या यात्रेला तुमच्यापैकी पुष्कळजण गेले असतील. यशवंतराव महाराज हे इंग्रजी अमलातले मामलेदार. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उघडला आणि उपाशी माणसे जगवली. पुढे वरिष्ठांनी खजिना मोजला, तर एक पैसुद्धा कमी भरली नाही, असे लोक सांगतात. यातला चमत्कार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मला या कथेतली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. ज्याला लोकांनी देव म्हटले, त्याच्याही खजिन्याची मोजदाद झाली!

हुकूमशाहीची खूण इथेच सापडते. सत्ता आहे, पण तिला हिशोब विचारणारा कोणी उरलेला नाही, म्हणजे हुकूमशाही. ती घोड्यावर बसून तलवार उपसूनच येते असे नाही. कायद्याचे कलम दाखवून, सहीशिक्क्यानिशीही येते. आपल्या देशाने तिचा अनुभव एकवीस महिने घेतला आहे.

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची लोकसभेवरची निवड रद्द ठरवली. २५ जूनच्या रात्री, अंतर्गत अशांततेचे कारण देऊन, राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळापुढे ती गोष्ट आली दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे आधी सही, मग विचारणा! त्याच सकाळी पंतप्रधानांनी रेडिओवरून देशाला ही बातमी दिली.

मग हिशोब विचारणारे एकेक करून गप्प केले गेले. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. रेडिओ तर सरकारचाच. विरोधी पुढारी आणि कार्यकर्ते तुरुंगात गेले. आपल्या नाशिकरोडच्या तुरुंगातही मिसाबंदी होते. देशभर मिसाखाली सुमारे ३५ हजार, तर भारत संरक्षण नियमांखाली सुमारे ७६ हजार माणसे पकडली गेली. राहता राहिले न्यायालय. अशा कैद्याला दाद मागता येते, असे मुंबईसह कित्येक उच्च न्यायालयांनी म्हटले. पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तेही दार लावून घेतले. तो एक म्हणजे न्यायमूर्ती हंसराज खन्ना.

तुम्ही म्हणाल, त्या वेळी गाड्या वेळेवर धावत होत्या, कचेऱ्यांत माणसे जाग्यावर सापडत होती. खरे आहे, आणि म्हणून अनेकजण खूषही होते. पण विचारणारा नसला म्हणजे वरचा हुकूम खाली येता येता कसा होतो, तेही पाहा. नसबंदीचे आकडे ठरवून दिले गेले. कित्येक ठिकाणी शिक्षकांनासुद्धा माणसे आणण्याचे काम लावले आणि आकडा भरला नाही तर पगार अडवला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. फळ्यावर नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या गुरुजींनाच गावात माणसे शोधत फिरावे लागले.

मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली आणि मतदाराने आपला हिशोब चुकता केला. २१ मार्चला आणीबाणी उठली. मे महिन्यात न्यायमूर्ती शहा यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्याने तीन अहवाल दिले. कोणी, कोणाच्या सांगण्यावरून, काय केले, ते नोंदले गेले. माजी पंतप्रधानांनी मात्र आयोगापुढे शपथेवर साक्ष द्यायला नकार दिला. १९८० साली त्या पुन्हा सत्तेवर आल्या आणि खटले मागे पडले.

मग हिशोब झाला की नाही? शिक्षेच्या बाजूने पाहिले, तर फारसा नाही. पण खतावणीत दोन कायमच्या नोंदी झाल्या. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने असे ठरले की, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी पुकारता येणार नाही, 'अंतर्गत अशांतता' हे ढिले कारण चालणार नाही, आणि जगण्याचा हक्क आणीबाणीतही न्यायालयात मागता येईल. दुसरी नोंद २०१७ सालची. १९७६ च्या निकालात बहुमतात असलेल्या न्यायमूर्तींपैकी एक होते यशवंतराव चंद्रचूड. तो निकाल चुकीचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली लिहून ठेवले. आणि तसे लिहिणारे न्यायमूर्ती होते त्यांचेच चिरंजीव, धनंजय चंद्रचूड.

हे सारे दिल्लीचे झाले, असे समजू नका. ग्रामसभेत जमाखर्च वाचायची वेळ येते, तेव्हा कोणीतरी म्हणतोच, "जाऊ द्या हो, माणूस भला आहे, त्याला काय विचारायचं?" श्रोतेहो, सावध राहायचे ते याच वाक्यापाशी. सरपंच भला असेल, तर त्याला हिशोब वाचून दाखवायला अडचण कसली? देवमामलेदारांच्या खजिन्याचीही मोजदाद झाली, आणि त्यांचे देवपण त्याने तसूभरही कमी झाले नाही.