मोजमापातील छुपा भागीदार

ग्लासगो येथे लहान उपग्रहांचा उद्योग चांगलाच रुजला आहे. तेथील क्लाइड स्पेसने बांधलेला 'यूक्यूब-१' ८ जुलै २०१४ रोजी बैकानूरहून अवकाशात गेला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा सुमारे १ किलोचा 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावला. अशा उपग्रहांचा पृथ्वीशी संवाद अँटेनावर अवलंबून असतो आणि उड्डाणानंतर त्याची दुरुस्ती अशक्य असते. म्हणूनच जमिनीवरील चाचणी बिनचूक हवी. नेमकी तेथेच जोडणीची केबल फसवू शकते.

१४५ मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी सुमारे २ मीटर असते. १० सेंटिमीटरच्या घनात मावणारा अँटेना तिच्या मानाने अतिशय लहान ठरतो. त्याचे प्रारण क्षीण असते आणि कार्यपट्टा अरुंद. प्रवाहाच्या परतीसाठी लागणारे धातूचे अंगही तोकडेच असते.

समाक्ष केबलमध्ये मधल्या तारेवरील आणि वेष्टनाच्या आतील पृष्ठावरील प्रवाह समान व परस्परविरुद्ध असतात. त्यामुळे केबल स्वतः प्रारण करीत नाही. परंतु तोकड्या अंगाच्या अँटेनाला ती जोडली, की काही प्रवाह वेष्टनाच्या बाहेरील पृष्ठावर पसरतो. मग मीटरभर लांबीची केबलच अँटेनाचे काम करू लागते. कार्यक्षमता वाढलेली दिसते, पट्टा रुंदावतो, प्रारणाची दिशाही बदलते. हे श्रेय अँटेनाचे नसते.

समजा, चाचणीत कार्यक्षमता ५० टक्के दिसली आणि केबलविना ती १० टक्केच असली, तर प्रक्षेपित शक्ती पाचपट घटते. मोकळ्या अवकाशात संदेशाचा पल्ला निम्म्याहूनही कमी होतो.

हा दोष ओळखण्याची साधी खूण आहे: केबलवरून हात फिरवावा किंवा तिची मांडणी बदलावी. आकडे हलले, तर केबल प्रारणात सहभागी आहे. त्यावर फेराइटची कडी किंवा बालून यांनी बाह्य प्रवाह रोखता येतो. मात्र फेराइट काही शक्ती स्वतःच शोषते, याचे भान ठेवावे लागते. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे बॅटरीवर चालणारा प्रक्षेपक उपग्रहाच्या आतच ठेवणे, अथवा संदेश प्रकाशतंतूने पोहोचवणे.

१८४६ ते १८९९ या काळात ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या लॉर्ड केल्व्हिन यांनी समुद्राखालील तारायंत्राच्या अभ्यासातून दाखवून दिले होते, की लांब केबल संदेश जसाच्या तसा पोहोचवत नाही; ती त्याला स्वतःचा आकार देते. तेथील अडचण वेगळी होती, परंतु धडा एकच: केबलही मंडलाचाच भाग असते. तिचा वाटा वगळल्याशिवाय अँटेनाचे खरे मोल कळत नाही.