‘नुसता फोन तर उचलायचाय!’

जव्हार-मोखाड्याकडच्या बारावी झालेल्या मुलामुलींची भरतीची यादी ठरलेली असते: पोलीस, वनरक्षक, तलाठी, नर्सिंग. आणीबाणीचा फोन घेऊन गाडी रवाना करणारा माणूस, म्हणजे डिस्पॅचर, त्या यादीत नसतो. खरं तर महाराष्ट्रात 108 ची रुग्णवाहिका सेवा 26 जानेवारी 2014 ला सुरू झाली. 937 गाड्या, त्यातल्या 233 अतिदक्षतेच्या सोयीच्या आणि 704 प्राथमिक उपचारांच्या, प्रत्येक गाडीत डॉक्टर, असे आकडे तेव्हापासून छापून येत आहेत. या गाड्या ज्यांच्या शब्दावर हलतात त्यांच्याबद्दल मात्र आपल्याकडे ऐकीव माहितीच जास्त आहे.

पहिला समज शीर्षकातलाच. फोन उचलायचा, नाव-गाव लिहायचं, गाडी पाठवायची. मोबाइल कंपनीच्या कॉल सेंटरात नाही का करत? हा समज आपल्यापुरता नाही. अमेरिकेत 911 हा क्रमांक 1968 पासून आहे, पण तिथल्या सरकारी वर्गीकरणात हे काम करणारे अजून कार्यालयीन कारकुनांच्या गटात बसवलेले आहेत, आणि ते बदला म्हणून तिथली माणसं भांडत आली आहेत.

आता एक फोन ऐकू या. प्रसंग कल्पनेतला आहे, पण मोखाड्यात कुणालाही ओळखीचा वाटेल. श्रावणातली रात्र.

“मॅडम, बाई अडलीय, लवकर गाडी पाठवा.”

“दादा, पाडा कोणता? ग्रामपंचायत कोणती?”

दोन्ही विचारायचं, कारण एकाच नावाचे पाडे तालुक्यात दोन-तीन असू शकतात. मग गाडी कुठपर्यंत येते, ओढ्याला पाणी किती, जवळ आश्रमशाळा आहे की रेशनचं दुकान. गाडीची सोय झाली की पुढचे प्रश्न: कितवं बाळंतपण, पाणी गेलं का, बाळाचं डोकं दिसतंय का. इथे तो दादा म्हणतो, “मी नाय तिथं. मी रेंजसाठी वर आलोय.”

या एका वाक्यात कामाचं सगळं अवघडपण आहे. रुग्ण खाली पाड्यात आणि फोन टेकाडावर. शहरातल्या सरावाने “तिच्याजवळ बसा, लाइनवर राहा” म्हणण्यात अर्थ नाही. चांगला डिस्पॅचर लगेच चाल बदलतो. फोन तुटायच्या आत जागा पक्की करतो, दुसरा नंबर घेतो, आशाताईला कळवलं का विचारतो, बॅटरी घेऊन एकाला डांबरी रस्त्यावर उभा करायला सांगतो आणि उरलेल्यांना बाईला झोळीतून कोणत्या फाट्यावर आणायचं ते सांगतो. ऑगस्ट 2022 मध्ये मोखाडा तालुक्यातल्या बोटोशी भागातल्या एका पाड्यावरून बाळंतिणीला भर पावसात डोलीतून न्यावं लागलं आणि तिची जुळी बाळं दगावली, तेव्हा हे राज्यभर गाजलं होतं. रस्ता नसेल तिथे गाडी ‘घटनास्थळी’ पोहोचत नाही, फाट्यावर पोहोचते. मधलं अंतर कसं काटायचं हेसुद्धा फोनवरच ठरतं.

त्यातूनच दुसरा समज निकालात निघतो: मोबाइलमुळे पत्ता आपोआप कळतो, विचारायचं कशाला? टॉवर विरळ असलेल्या डोंगरात नुसत्या टॉवरवरून काढलेली जागा काही किलोमीटरनेही चुकू शकते. नकाशावरचा ठिपका अगदी अचूक आला, तरी तो रेंजच्या टेकाडावर पडतो. बाई दुसरीकडेच असते.

“प्रश्न विचारत बसतात, तोवर माणूस मरेल” ही तक्रार सगळीकडची. तक्रार करणाऱ्याला मी दोष देणार नाही, त्याच्या घरात जीव टांगणीला लागलेला असतो. पण मोठ्या नियंत्रण कक्षात एक जण बोलत असतो, त्याने टिपलेली माहिती दुसऱ्याच्या पडद्यावर दिसते आणि तो गाडी हलवतो. प्रश्न चालू असताना गाडी निघालेली असू शकते. शिवाय ते प्रश्न वेळ काढण्यासाठी नसतात. “श्वास चालू आहे का?” याला घरचे “हो, घरघर लागलीय” म्हणतात. हृदय बंद पडल्यावर काही मिनिटं असा तुटक, घरघरता श्वास येऊ शकतो. तो खरा श्वास नव्हे, हे ओळखून जो तत्काळ छाती दाबायला लावतो, मिनिटाला 100 ते 120 या गतीने आणि मोठ्याने मोजत, तो गाडीच्या आधी मदत पोहोचवतो.

अशा सूचनांच्या ठरीव प्रश्नावल्या अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत डॉ. जेफ क्लॉसन यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस बसवल्या. त्यातली एक युक्ती मला फार आवडते. समोरचा ओरडत असेल तर त्याला “शांत व्हा” म्हणत बसायचं नाही. एकच वाक्य, त्याच शब्दांत, त्याच स्वरात पुन्हा पुन्हा म्हणायचं. “दादा, मदत करायची तर मला पाड्याचं नाव हवंय.” तिसऱ्या-चौथ्या वेळी बहुतेक माणसं थांबतात आणि नाव सांगतात. आवाज चढवणाऱ्याला हे जमत नाही, आणि फार गोड बोलणाऱ्यालाही नाही.

मग इंग्रजी? ‘कॉल सेंटर म्हटलं की फाडफाड इंग्रजी’ या धास्तीने आपली मुलं अर्जच करत नाहीत. मोखाड्यातून येणारा फोन वारली, कोकणा, ठाकरी वळणाच्या मराठीत येतो. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून ‘पान लागलं’ म्हणणारी माणसं अजून आहेत. ते ज्याला चटकन कळतं तो पुढच्या क्षणाला सांगू शकतो: दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका, चालवू नका, जोडवी-बांगड्या उतरवा, मांत्रिकाकडे न नेता थेट दवाखान्यात आणा. टायपिंग महिन्या-दोन महिन्यांत शिकता येतं. पाडा, फाटा, माळ आणि ओढा यांचा अंदाज तसा शिकवता येत नाही. माझ्या मते या कामासाठी मोखाड्याची मुलगी पुण्याच्या मुलीपेक्षा एक पाऊल पुढेच उभी असते.

अडचण वेगळी आहे. खुर्ची मोखाड्यात नाही. 108 चा कक्ष पुण्यात औंधला, तर 112 या आणीबाणीच्या क्रमांकाचे फोन नवी मुंबई आणि नागपूरच्या केंद्रांत घेतले जातात व तिथून जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षाकडे जातात. म्हणजे घर सोडावं लागतं, पाळ्या कराव्या लागतात, दिवाळी-शिमग्यालाही रजेची खात्री नाही.

आणि ही ‘सरकारी नोकरी’ आहे असंही सरसकट धरू नये. 108 ही शासनाची योजना असली तरी चालवायला खासगी कंपनीला दिलेली आहे. सुरुवातीपासून त्यात बीव्हीजीचं नाव आहे. तिथली नेमणूक कंपनीची. 112 वर जिल्ह्यातून गाडी पाठवणारे मात्र पोलीस दलातले असतात आणि त्यांची वाट पोलीस भरतीतूनच जाते. जिल्हा आपत्ती कक्ष (1077) आणि अग्निशमन दलाचे नियंत्रण कक्ष या आणखी दोन जागा. डॉक्टरची पदवी लागत नाही, वैद्यकीय सल्ल्यासाठी डॉक्टर वेगळे असतात. लागतो तो कान, स्मरण आणि एका वेळी ऐकणं-लिहिणं-बघणं.

‘काळीज दगडाचं हवं’ असं म्हणतात, तेही खरं नाही. दगडाच्या काळजाला पलीकडच्या आवाजातला फरक कळणार नाही. उलट, ऐकण्याचाच त्रास होतो. डिस्पॅचर प्रत्यक्ष काही पाहत नाही म्हणून त्याला धक्का बसत नाही, हा समज अमेरिकेतल्या नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठाच्या 2012 च्या अभ्यासाने खोडून काढला. नुसतं ऐकूनही आघाताची लक्षणं दिसतात. त्यात भर म्हणजे शेवट कळत नाही. बाई सुटली का, बाळ रडलं का, हे विचारायला वेळ नसतो, पुढचा फोन वाजत असतो. नोकरी घेण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न हाच: अर्धवट गोष्टी घेऊन झोप लागेल का?

शेवटचा समज उलट्या टोकाचा आहे, की डिस्पॅचर चांगला असला की सगळं भागतं. जून 2025 मध्ये मोखाडा तालुक्यातलं एक कुटुंब गर्भवतीला घेऊन खोडाळा, मोखाडा आणि मग नाशिक असं फिरलं. 108 ला फोन करूनही गाडी वेळेत मिळाली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. बाळ वाचलं नाही आणि बापाला ते पिशवीत घालून एसटीने गावी आणावं लागलं. फोनवरचा माणूस नसलेली गाडी निर्माण करू शकत नाही. जिल्हा पालघर असला तरी मोखाड्याला नाशिक जवळ पडतं, तेव्हा हद्द न बघता जवळची गाडी शोधणं एवढं तो करू शकतो, आणि ते त्याने केलंच पाहिजे. गाड्या, रस्ते आणि टॉवर वाढवणं हे त्याच्या खुर्चीतलं काम नाही.

तोवर आपल्या भागातली खरी डिस्पॅचर आशाताईच आहे. कोणत्या घरात कितवा महिना चाललाय, कुणाची जीप चालू आहे, कुठला ओढा भरलाय हे तिला तोंडपाठ असतं. तिला त्याबद्दल वेगळा हुद्दा नाही.

ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी पोलीस भरतीच्या आणि 108 चालवणाऱ्या कंपनीच्या जाहिराती स्वतः वाचाव्यात. पात्रता दर वेळी बदलू शकते, म्हणून कुणाच्या सांगण्यावर जाऊ नये. ‘108 मध्ये लावून देतो’ म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.