दोन एकदल फुलझाडे : कळलावी व सफेद मुसळी

मृगाचा पाऊस पडल्यावर कुंपणांतून कळलावीचा वेल वर येतो आणि त्याच सुमारास रानात सफेद मुसळीची पाती जमिनीतून डोकावू लागतात. एकदल वनस्पतींचा पाठ देण्यास या दोन वनस्पती उत्तम होत. दोहोंच्या पानांतील शिरा साधारणतः समांतर असून फुलात सहा दले व सहा पुंकेसर आढळतात. पूर्वी दोहोंचा समावेश लिलीच्या कुलात होत असे. आता त्यांची कुले वेगळी मानतात.

भेदही सहज ध्यानात येतात. कळलावी पानाच्या टोकाच्या तणाव्याने आधारावर चढते. तिचे फूल प्रथम हिरवट-पिवळे असते व पुढे ज्वालेप्रमाणे तांबडे होते. म्हणून तिला अग्निशिखा म्हणतात. मुसळीची पाने जमिनीलगत झुबक्याने येतात व मधल्या दांड्यावर लहान पांढरी फुले लागतात. तिच्या शास्त्रीय नावात मुंबईतील बोरिवलीचे नाव गोवलेले आहे.

संरक्षणाच्या दृष्टीने दोघींची स्थिती सारखी नाही. कळलावी आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेली असल्याने जागतिक लाल यादीत ती ‘किमान चिंता’ या वर्गात आहे. तथापि औषधासाठी कंद खणले गेल्यास एखाद्या गावातून ती नाहीशी होऊ शकते. मुसळीचा प्रसार मुळातच भारतातील मर्यादित प्रदेशापुरता आहे. तिच्या मांसल मुळ्यांस मोठी मागणी असल्याने रानातील झाडे उपटली जातात आणि बी पडण्यापूर्वीच रोप संपते. आज तिची शेती होते. परंतु शेतातील पिकामुळे रानातील उणीव आपोआप भरून निघत नाही.

यावरून विद्यार्थ्यांना एक गोष्ट पटवून द्यावी : वनस्पती दुर्मिळ आहे की नाही, हे आपल्या बांधावरील संख्येवरून ठरत नाही. तिचा प्रदेश केवढा, माणूस तिचा कोणता भाग नेतो आणि मागे बी उरते काय, हे पाहावे लागते.

शिक्षकांनी प्रतिवर्षी श्रावणात ठरावीक जागेतील फुललेली झाडे मुलांकडून मोजवून नोंदवहीत लिहावीत. झाड उपटू नये. एक फूल वर्गास पुरे. कळलावी सर्वांगी विषारी आहे, विशेषतः तिचा कंद. रताळे समजून मुलाने तो तोंडात घातल्यास प्राणावर बेतते. म्हणून ते फूल शिक्षकांनी स्वतः हाताळावे व कंद ओळखण्याची सूचना पाठाच्या आरंभीच द्यावी.