क्रोशाच्या सुईचे पहिले धडे

सुगी आटोपली, खळी रिकामी झाली, म्हणजे शेतकऱ्याच्या घरात संध्याकाळी थोडी उसंत मिळते. या उसंतीत शिकता येण्याजोग्या हातकामांत क्रोशाचे विणकाम फारच अल्प साहित्यात होणारे आहे. एक आकड्याची सुई व एक दोऱ्याचा गुंडा, एवढेच त्याचे भांडवल. हे काम बायकांचे, आपणांस त्याच्याशी काय कर्तव्य, असे कित्येक वाचकांस वाटेल. आम्हांसही तसेच वाटत होते. परंतु गेल्या उन्हाळ्यात आम्ही स्वतः सुई हाती धरली, आणि त्यातून जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अवश्य वाटते.

या कलेचा शेतकऱ्याच्या संकटाशी जुना संबंध आहे. आयर्लंडात 1845 साली बटाट्यावर करपा पडला. आपल्याकडील बटाटा पिकविणाऱ्यांस जो उशिरा येणारा करपा ठाऊक आहे, तोच हा रोग. पुढील काही वर्षांत सुमारे 10 लक्ष माणसे भूक व रोगराई यांनी मेली आणि जवळजवळ तितकीच देशांतरास गेली. त्या दिवसांत ख्रिस्ती जोगिणींच्या मठांतून गरीब मुलींस क्रोशा शिकविण्यात आला. मोनाघन परगण्यातील क्लोन्स गावी तेथील धर्मोपदेशकाच्या पत्नी कॅसांड्रा हँड यांनी 1847 साली हे काम सुरू करविले. व्हेनिसच्या महागड्या जाळीसारखी जाळी क्रोशाने पुष्कळ लवकर विणता येई. म्हणून पीक गेलेल्या अनेक घरांस तिच्यामुळे दोन पैसे दिसले.

साहित्य.— नवशिक्याने बारीक दोरा व पोलादी बारीक सुई घेऊ नये. मध्यम जाडीची लोकर किंवा सुती दोरा आणि सुमारे 4 मिलिमीटर जाडीची सुई घ्यावी. रंग फिका असावा. काळ्या दोऱ्यात टाके दिसत नाहीत, व जे दिसत नाही ते मोजता येत नाही.

साखळी.— दोऱ्याचे वीतभर टोक सोडून सरकगाठ मारावी व ती सुईवर चढवावी. गाठ सुईवर सहज सरकावी इतकी सैल असावी. गुंड्याकडील दोरा डाव्या हाताच्या करंगळीस वेढून तर्जनीवरून आणावा. आता सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन तो आकड्याने फासातून ओढून काढला की एक साखळी झाली. मोजताना आरंभीची गाठ व सुईवरील फास हे दोन्ही धरू नयेत. सर्व साखळ्या सारख्या येईपर्यंत दोन-तीन दिवस एवढेच करावे.

मुका खांब.— पंधरा टाक्यांच्या पट्टीसाठी 16 साखळ्या घालाव्या. सुईपासून दुसऱ्या साखळीत सुई घालून दोरा ओढावा. सुईवर दोन फास होतील. पुन्हा दोरा घेऊन दोहोंतून एकदम काढावा. याप्रमाणे शेवटच्या साखळीपर्यंत जावे. मग एक साखळी घालून काम उलटावे आणि अगदी पहिल्याच टाक्यापासून दुसरी ओळ धरावी.

खांब.— येथे 17 साखळ्या घ्याव्या. आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन मग सुईपासून चौथ्या साखळीत सुई घालावी व दोरा ओढावा. तीन फास दिसतील. दोरा घेऊन दोन फासांतून काढावा, पुन्हा घेऊन उरलेल्या दोहोंतून काढावा. सोडलेल्या तीन साखळ्या हा पहिला खांब समजावा, म्हणजे ओळीत पंधरा खांब भरतात. पुढील ओळीच्या आरंभी तीन साखळ्या घालाव्या; त्याही पहिला खांबच होत. म्हणून दुसरा खांब खालच्या ओळीतील दुसऱ्या टाक्यात घालावा, आणि शेवटचा खालच्या ओळीतील त्या तीन साखळ्यांच्या माथ्यावर.

या शेवटच्या वाक्यातच आमची फजिती झाली. आमची पहिली पट्टी पंधरा खांबांची आरंभली, ती सातव्या ओळीस नऊ खांबांची उरली व देवळावरील पताकेसारखी दिसू लागली. आमच्या वडील भगिनी, ज्यांस घरात सर्व अक्का म्हणतात, त्या हसून म्हणाल्या, “अरे, दर फेरीस बांधाकडचं एक तास नांगरायचं सोडलंस तर शेत लहान होणार नाही तर काय?” ओळीअखेरचे साखळ्यांचे माथे आम्ही टाका म्हणून धरलेच नव्हते. त्यांनी सुई काढून घेतली, दोरा ओढला, आणि क्षणात सहा ओळी उसवल्या. क्रोशात सुईवर बहुधा एकच फास जिवंत असतो, त्यामुळे चुकीच्या जागेपर्यंत निर्धास्त उसवता येते. नवशिक्याने प्रत्येक ओळीअखेर टाके मोजावे, व कमी भरल्यास लाज न धरता उसवावे.

एक सावधगिरी पुस्तकांविषयी. इंग्लंडातील पुस्तकांत ज्यास डबल क्रोशे म्हणतात, त्यासच अमेरिकेतील पुस्तकांत सिंगल क्रोशे म्हणतात. तो आपला मुका खांब. पुस्तक कोठले हे आधी पाहावे.

शेवटी हिशेबाविषयी. अक्कांनी विणलेला एक रुमाल विकावा असे आम्ही सुचविले, तेव्हा त्यांनी विचारले, “माझे तास कोण मोजणार?” हा प्रश्न मोठा आहे. आंध्रातील नरसापूर भागात क्रोशाच्या जाळीचा धंदा एकोणिसाव्या शतकापासून मिशनऱ्यांच्या द्वारे आला व तेथील माल परदेशी जाऊ लागला. मारिया मीस या विदुषींनी तेथील स्त्रियांवर लिहिलेले पुस्तक 1982 साली निघाले. त्या स्त्रिया दिवसाचे अनेक तास विणीत. पण त्या घरी बसलेल्या गृहिणी, रिकाम्या वेळात विणतात, असे मानले गेल्यामुळे त्यांच्या हाती अत्यल्प मोबदला पडे, असे त्यात दाखविले आहे.

आपणही घरच्या माणसांचे शेतातील श्रम पिकाच्या खर्चात धरीत नाही व मग नफा झाला म्हणतो. क्रोशाबाबत तरी तसे करू नये. समजा, रुमालास 10 तास व 60 रुपयांचा दोरा लागला आणि व्यापाऱ्याने 200 रुपये दिले, तर तासास 14 रुपये पडले. हा आकडा गावातील मजुरीशेजारी मांडावा, आणि मग विकावयाचे की घरच्यासाठी विणावयाचे ते विणणारीनेच ठरवावे.

अक्कांनी तो रुमाल विकला नाही. आमच्या हिशेबाच्या वहीखाली अंथरला आहे. त्या वहीत यंदापासून घरच्यांच्या तासांसाठी आम्ही एक निराळा रकाना आखला आहे.