वाया गेलेले मत कोणते?

लोकांनी निवडलेल्या मंडळींच्या हाती जेथे राज्यकारभाराची सूत्रे असतात, तेथे पक्ष हे असावयाचेच. एकट्या मनुष्याचा आवाज सभागृहापर्यंत पोहोचत नाही. समान मतांच्या लोकांनी एकत्र जमून, वर्गणी गोळा करून उमेदवार उभा केला म्हणजे तो पोहोचतो. तेव्हा पक्षाच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. परंतु साधनालाच साध्याचे स्थान मिळाले म्हणजे काय अनर्थ होतो, हे पाहण्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांइतके बोधप्रद उदाहरण दुसरे सापडणार नाही. पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ साली देशबांधवांचा निरोप घेताना पक्षाभिमानाच्या अतिरेकापासून सावध राहण्याचा उपदेश केला होता. तो उपदेश कागदावरच राहिला. १८५३ सालापासून त्या देशाचे अध्यक्षपद डेमोक्रॅटिक व रिपब्लिकन ह्या दोन पक्षांबाहेर गेलेले नाही. आणि तिसऱ्या पक्षास मत देऊ पाहणाऱ्यास तेथे घरोघर एकच उपदेश ऐकावा लागतो, तो हा की, 'मत वाया घालवू नकोस.'

ह्या उपदेशात तथ्य किती, हे प्रथम पाहू. अमेरिकेत अध्यक्षाची निवड निर्वाचकांच्या द्वारे होते, आणि दोन अपवाद सोडले तर प्रत्येक संस्थानात ज्यास सर्वांहून अधिक मते पडतील त्याच्या पदरात त्या संस्थानाचे सर्व निर्वाचक पडतात. दुसऱ्या-तिसऱ्यास काहीही मिळत नाही. १९९२ साली रॉस पेरो नावाच्या धनाढ्य व्यापाऱ्यास देशभरातून सुमारे एक कोटी सत्त्याण्णव लाख, म्हणजे शेकडा १९ मते पडली. निर्वाचक मात्र एकही मिळाला नाही. याच्या उलट १९४८ साली स्ट्रॉम थर्मंड यांस जेमतेम पावणेबारा लाख मते असता ३९ निर्वाचक मिळाले. कारण उघड आहे. पेरो यांचे अनुयायी देशभर विखुरलेले होते. थर्मंड यांचे दक्षिणेतील थोड्या संस्थानांत एकवटलेले होते, आणि ते कृष्णवर्णीयांस गोऱ्यांपासून अलग ठेवण्याच्या हट्टासाठी एकवटलेले होते. साऱ्या देशाचा विचार करणाऱ्या तिसऱ्या पक्षास रिक्तहस्ते परत पाठवावयाचे आणि प्रांतिक द्वेषावर पोसलेल्यास बक्षीस द्यावयाचे, असा ह्या मोजणीचा न्याय आहे!

तिसऱ्या पक्षामुळे कधी कधी नको तोच उमेदवार निवडून येतो, हा आक्षेपही खोटा नाही. १८४४ साली गुलामगिरीच्या कट्टर विरोधकांनी आपल्या लिबर्टी पक्षातर्फे जेम्स बर्नी यांस उभे केले. एकट्या न्यूयॉर्क संस्थानात त्यांस पंधरा हजारांहून अधिक मते पडली, आणि तेथे हेन्री क्ले यांचा जेम्स पोक यांजकडून सुमारे पाच हजार मतांनी पराभव झाला. न्यूयॉर्क गेले तसे अध्यक्षपदही गेले. पोक हे टेक्सासचा मुलूख जोडून घेण्याच्या पक्षाचे होते. १८४५ साली टेक्सास गुलामगिरीसह संयुक्त संस्थानांत सामील झाले. २००० साली फ्लोरिडात हाच प्रकार घडला. तेथे धाकटे बुश ५३७ मतांनी विजयी ठरले, आणि राल्फ नेडर यांस पडलेली मते होती सत्त्याण्णव हजारांवर. असे दाखले डोळ्यांसमोर असताना मतदाराने परिणामाचा विचारच करू नये, असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु हिशेबाची वही येथेच मिटणे हे अर्धवटपणाचे होईल. लिबर्टी पक्षाची मूठभर माणसे पुढे १८४८ साली फ्री सॉइल पक्षात मिसळली. व्हिग पक्ष गुलामगिरीच्या प्रश्नावर दुभंगून नामशेष झाला. १८५४ साली रिपब्लिकन पक्ष उदयास आला, आणि सहा वर्षांनी, मते शेकडा चाळीसच्या आसपास असूनही, अब्राहम लिंकन अध्यक्ष झाले. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. ज्योतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांस अर्पण केला, त्यांतील कित्येकांची मते एके काळी वाया गेलेल्या मतांतच जमा होत होती, हे आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

शेतकऱ्यांच्या पीपल्स पक्षाची कथाही अशीच आहे. १८९२ साली ओमाहा येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी उत्पन्नाच्या चढत्या प्रमाणात कर, सिनेटरांची लोकांकडून प्रत्यक्ष निवड, टपाल कचेऱ्यांतून बचतीच्या पेढ्या अशा मागण्या केल्या. दहा लाखांवर मते व २२ निर्वाचक मिळविणारा हा पक्ष १८९६ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारामागे गेला आणि अल्पावधीतच विरून गेला. परंतु टपाल बचतीचा कायदा १९१० साली झाला. उत्पन्नावरील कर व सिनेटरांची थेट निवड ह्या दोन्ही गोष्टी १९१३ साली राज्यघटनेत दाखल झाल्या. पक्ष मेला, मागण्या जगल्या. ज्या दुकानातून गिऱ्हाईक उठून जाऊ लागते, त्या दुकानदारास वजनमाप सुधारावे लागते, एवढाच याचा अर्थ.

आणि जे गिऱ्हाईक कधीच उठून जात नाही, त्याचे काय होते? याचे उत्तर दक्षिणेतील कृष्णवर्णीय मतदारांच्या दुर्दैवी इतिहासात आहे. १८७० साली त्यांस मताचा हक्क मिळाला व ज्या पक्षाने आपल्या बेड्या तोडल्या त्या रिपब्लिकन पक्षास त्यांनी जीव धोक्यात घालून मते दिली. त्यांनी दुसरीकडे जाणे शक्यच नव्हते, आणि हे पक्षाच्या धुरीणांस पक्के ठाऊक होते. १८७७ साली त्यांचे रक्षण करणारे सैन्य दक्षिणेच्या राजकारणातून काढून घेण्यात आले. १८९० साली त्यांच्या मताधिकारास संरक्षण देणारे विधेयक कनिष्ठ सभेत संमत झाले. पण सिनेटात रिपब्लिकनांचेच बहुमत असता १८९१ च्या आरंभी ते बाजूस सारण्यात आले, कारण काही सभासदांस चांदीच्या नाण्यांचा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा वाटला. इकडे मिसिसिपीने १८९० सालीच अक्षरपरीक्षा व डोईपट्टी यांच्या आडून त्यांचा हक्क हिरावून घेतला. तो खऱ्या अर्थाने परत मिळण्यास १९६५ साल उजाडावे लागले. ह्या लोकांच्या निष्ठेत काय उणे होते? काहीच नाही. ती निष्ठा गृहीत धरली गेली, हेच त्यांचे नुकसान. आम्ही विचारतो, अधिक वाया गेले ते मत कोणते? बर्नी यांस पडलेले, की अशा पक्षाच्या पदरात पडलेले?

दोष मतदाराच्या बुद्धीत थोडा आणि मोजणीच्या रीतीत फार आहे. आणि ती रीत बदलण्याची किल्ली तिच्यावर पोसलेल्या दोन पक्षांच्याच हाती आहे. पूर्वी तेथे मतपत्रिका पक्षच छापीत. १८८८ साली मॅसॅच्युसेट्सने सरकारी गुप्त मतपत्रिकेचा कायदा केला व ती चाल देशभर पसरली. सुधारणा उत्तम, पण सरकारी पत्रिकेवर कोणाचे नाव यावे व त्यासाठी किती सह्या आणाव्यात, हे ठरविण्याचा अधिकार त्यामुळे विधिमंडळांकडे, म्हणजे बहुधा दोन जुन्या पक्षांकडेच गेला. बाजारात तिसरे दुकान उघडावे की नाही, हे पहिल्या दोन दुकानदारांनी ठरवावे, तसा हा प्रकार झाला.

याला उपाय आहे, आणि तो आपणांस अपरिचित नाही. आपल्या राष्ट्रपतींची निवडणूक, विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची निवडणूक, ह्या पसंतीक्रमाने होतात. पहिल्या पसंतीचा उमेदवार मागे पडला तर मत दुसऱ्या पसंतीकडे जाते. १९६९ साली व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपती झाले ते दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावरच. ह्या पद्धतीत मनातील उमेदवारास मत देऊनही नकोशा उमेदवाराची वाट अडविता येते. मेन संस्थानाने २०१६ साली व अलास्काने २०२० साली लोकमताने तशी रीत स्वीकारली. २०२४ साली कोलोरॅडो, ओरेगॉन, नेवाडा व आयडाहो येथील मतदारांनी ती नाकारली. तेव्हा हे काम एका दिवसाचे नव्हे.

पक्ष फार झाले की मंत्रिमंडळे टिकत नाहीत, असे कोणी म्हणेल. टिकाऊपणा हा गुण खरा. पण चांगले व वाईट ही दोन्ही सरकारे टिकतात. मोजणीची रीत बदलेपर्यंत मतदाराने काय करावे? जेथे लढत अटीतटीची आहे तेथे परिणाम तोलावा. जेथे निकाल आधीच ठरल्यासारखा आहे तेथे निर्भयपणे मनातील मत द्यावे. आणि कोणत्याही पक्षास जन्मभराची हमी लिहून देऊ नये. निष्ठा वाहावयाची ती तत्त्वास. पक्षास द्यावयाचा तो विश्वास, आणि तोही व्यापारी उधारी देतो तसा, मुदतीने व हिशेब पाहून.